नऊ पावण्यांना ओढणारा पंखा

ती. साधनाअक्कास धाकट्या कुंडलिकचा दंडवत.

इकडे सगळे बरे. दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि वैजयंतीबाईंचं अंगण तुझ्या ओट्याला लागून. (आपल्या हर्षालीच्या होणाऱ्या सासूबाई त्या, त्यांनीच हे ऐकलं तर सोयरीक गेली म्हणून समज.) वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

पोरगी बघायला आल्या तेव्हा त्या काय म्हणाल्या ते तुझ्यासमोरच झालं. धरणापलीकडची सोयरीक, होडी मधेच बंद पडली तर आम्ही काय पोहत यायचं? मी छाती फुगवून सांगितलं, इंजिन नवंकोरं आहे. आणि अक्का, आठच दिवसांत इंजिनाचा पंखा पाण्याखालच्या खोडावर आपटून पातं गेलं! पुढच्या रविवारी साखरपुडा, नऊ पावणं येणार, आणि इंजिनाला पंखा न्हाई.

मंचरला गेलो. दुकानात दोन पंखे, दिसायला सख्खे भाऊ, फरक फक्त पात्यांच्या पिळाचा. मी जास्त पिळाचा उचलला. (जास्त ते चांगलं, एवढीच माझी अक्कल.) एकट्याने चालवून पाहिला तर होडी अशी पळाली की टोपी पाण्यात गेली. लई खूश झालो. मग पावण्यांच्या जागी तांदळाची पोती भरली. इंजिन कण्हायला लागलं, धूर काय, आवाज काय! काठाने धुणं घेऊन चाललेल्या बाया माझ्या पुढे निघून गेल्या, वर विचारतात, भाऊ, ढकलू का?

परत मंचर. मेकॅनिक म्हणाला, कमी पिळाचा न्या, हळू जाईल पण ओझं ओढेल. फारच कमी घेतला तर इंजिन नुसतं भिरभिरेल. होडीत वजन किती? मी म्हणालो, नऊ माणसं. माणसं नको, किलो सांगा म्हणाला. आता बोला राव! बाकीच्यांचा अंदाज लागला, नवऱ्या मुलाचासुद्धा. (वाळकाच आहे, पण बूट जड घालतो.) वैजयंतीबाईंपाशी येऊन अडलो. साठ धरले तर होडी अडायची, नव्वद धरले आणि त्यांच्या कानावर गेलं तर? पोर घरभर गुणगुणत फिरते आणि मला घास उतरत नाही. जिवाला नुसता घोर लागलाय. बाकी विशेष काही नाही.

तुझा,
कुंडलिक

ता. क. खरं काम हे. तुमच्याकडे कांद्याच्या पोत्यांचा वजनकाटा आहे. काहीतरी निमित्त काढून वैजयंतीबाईंना त्याच्यावर उभं कर. नुसता आकडा लिहून पाठव, नाव नको.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत हर्षालीने पत्र वाचलं. मंचरला जाऊन कमी पिळाचा पंखा बदलून आणला, स्वतः बसवला, बारा पोती भरून घेतली आणि पलीकडे जाऊन परत आली. इंजिन एकदासुद्धा कण्हलं नाही. तेव्हा वजन राहू दे.

तिसरा ता. क. हे ती निजल्यावर लिहितोय. साखरपुडा झाला की लग्नाची तारीखच निघते गं, आणि आम्हाला एकच पोर. पंधरा दिवस पुढे ढकलता आलं तर बघ. कारण पंख्याचंच सांग.