खलीजींची रांग

प्रिय शरीफा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायला घेतलं की मला रडू येतं आणि तू तिकडून हॅलो हॅलो करत बसतेस. म्हणून लिहून रफीकच्या हाती देतेय, तो दापोलीला निघालाय.

गेल्या महिन्यात जमियात, इथल्या सहकारी दुकानात, सामान घ्यायला गेले तर बँकेचं कार्डच चालेना. मला वाटलं मशीन बिघडलं, काउंटरवरच्या पोरीला दोन शब्द सुनावलेसुद्धा. घरी आले तर यासिर डोकं धरून बसलेले. लग्नामुळे कुवेतचं नागरिकत्व मिळालेल्या हजारो बायकांचं ते सरकारने काढून घेतलंय, त्यात तुझी बहीणही आली. भारताचा पासपोर्ट मी तेव्हाच परत केलेला, दोन ठेवता येत नाहीत. आपल्या वकिलातीतला माणूस भला होता. अर्ज करा म्हणाला, वेळ लागेल म्हणाला. किती, ते त्यालाही ठाऊक नाही. नवरा कुवेती, पोरं कुवेती, आणि सबाह अल-सालेम भागातल्या या एवढ्या मोठ्या घरात मी एकटी कुठलीच नाही.

माझ्या माहीनच्या लग्नाला आपण बहरीनला उतरलो होतो, आठवतं? खाडीतल्या सहा देशांचा संघ, तिथल्या नागरिकांना एकमेकांकडे जायला पासपोर्टसुद्धा लागत नाही. मी कुवेतचं ओळखपत्र दाखवून खलीजींच्या, म्हणजे खाडीवाल्यांच्या, रांगेतून भुर्रकन बाहेर, आणि तू तिकडे परक्यांच्या रांगेत, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा धरून. मी काचेपलीकडून तुला वाकुल्या दाखवत होते. तू किती चिडली होतीस!

मला वाटायचं सहा घरांचं एकच अंगण आहे. आहेही. पण अंगणात यायचं तर आधी एखाद्या घरचं असावं लागतं, आणि घरचं कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं. यासिर म्हणतात, तो देशाचा हक्कच आहे. असेल बाई. मला कुणाशी भांडायचं नाही, मला माझ्या पोरीकडे जायचंय.

माहीनला आठवा लागलाय. पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा तिने माझी ओढणी मुठीत धरली होती, नर्सने सोडवली तरी सोडेना. आता पुन्हा डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलंय. सासू नाही तिला. यासिर जाऊन आले, पण बाप खोलीच्या दारापर्यंतच. ती रोज विचारते, मम्मा, व्हेन आर यू कमिंग? मी गुडघा दुखतो म्हणून सांगते. खरं कळलं तर ती उठून इकडे यायला निघेल, ओळखते मी तिला. शरीफा, मला वेड लागायची पाळी आलीय.

तुझ्याकडे तो पासपोर्ट आहे अजून, ज्याची मी चेष्टा केली होती. जावई बहरीनचा व्हिसा काढून देईल, त्याच्याशी बोललेय. तू जा. लाडू कर, खसखस जास्त घाल, तिला आवडते. त्याच रांगेत उभी राहा आणि मला हव्या तेवढ्या शिव्या दे. तू खोलीत शिरलीस की माहीन तुझ्या मागे बघेल, मी येतेय का म्हणून. तेव्हा आधी दार लावून घे, तिच्या हातात तुझी ओढणी दे, आणि मग सांग.

तुझीच,
नूरबानू