खडवलीच्या खडकावरची हाक

सुप्रसिद्ध सान्वीबाई यांस, मानपाड्याच्या आत्याचा आशीर्वाद.

कॅमेऱ्याला स्टँड हवा म्हणून तू माझी कपडे वाळत घालायची काठी नेलीस. तेव्हापासून आपल्या घरी पाहुणे ओल्या परकरांवर बसतात, याची इतिहासाने नोंद घ्यावी.

खडवलीच्या नदीतल्या खडकावर दोन दिवस एकटीने जगून दाखवणार होतीस. एकटी म्हणजे फोनवर थेट बघणारी साठ हजार माणसं! वरच्या धरणातून पाणी सुटलं, तू 'बचाओ, बचाओ' करत राहिलीस आणि लोक बदाम पाठवत राहिले. 'क्या ॲक्टिंग है, दीदी!' मीही चहा ढोसत म्हटलं, नाटकी कार्टी.

मग तू किंचाळलीस, "आये गो, पानी वर चरलं, मना वाचवा!"

घरची आगरी कॅमेऱ्यासमोर बोलायची तुला केवढी लाज! तेव्हा कळलं, हे खरं आहे.

नदीकाठी भज्यांची गाडी लावणाऱ्या पोपटदादाला फोन केला.

"शीला, गिऱ्हाईक हाय गो."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात, आपली सान्वी बुडतेय!"

दोर घेऊन तो तसाच पाण्यात शिरला.

आता त्याच किंकाळीला संगीत लावून लोक नाचतात आणि तू शहाडला मावशीकडे दार लावून बसलीयस. जेवतही नाहीस म्हणे. पोरी, हसू देत त्यांना. त्या हाकेनंच तू वाचलीस.

फोनवर लिहिलं खरं, पण हे पाठवत नाही. तू फोन उघडलास, तर माझ्याआधी ती नाचणारी माणसंच दिसतील. उद्या मीच येऊन तुझ्या दाराशी बसते.

पोपटदादाच्या चपला त्या पाण्यात वाहून गेल्या. आज नव्या घेतल्या आणि तो भजी तळत असताना गाडीखाली गुपचूप ठेवून आले.

तुझी,
शीला आत्या