दुभाजकातली फट

द्रोणागिरी,
१८ जानेवारी २०२५

प्रिय मितेशदादा,

तिकडे दोह्यात सगळं बरं असेल. वहिनी आणि पोरं मजेत ना? इकडे आम्ही ठीक. आईचं बीपी गोळ्यांनी ताब्यात आहे. काल बोंबील आणले, साफ केले, कालवण केलं. ताट धुताना आई म्हणाली, "मीठ नवता गो." दोघींनी सगळं संपवलं होतं तोवर.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. दत्तूकाकांचा सुभाष परवा तिकडे परत येतोय, त्याच्या हाती देईन.

आबांच्या तेराव्यानंतर तू निघालास तेव्हा ओटीवर उभा राहून म्हणालास, "त्या शाहिदला जेलात सडवल्याशिवाय मी गप बसनार नाय." मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं, मी हो म्हणाले.

ऑफिसला मी तेव्हाच परत जायला लागले. सकाळी आबा गेले त्याच रस्त्याने जाते. लोक माझ्याकडे बघतात, मी रडेन म्हणून. मी रडत नाही. यार्डात कंटेनर येतात, जातात, कुठला ट्रेलर कधी आत घ्यायचा ते मी ठरवते. काम नीट होतं. कोणी विचारलं 'कशी आहेस', तर 'बरी आहे' म्हणते, आणि ते खोटंही वाटत नाही.

कंपनीने चौकशी समिती नेमली होती. मी तिथल्या प्लॅनिंगची, शिवाय आबांची मुलगी, म्हणून मलाही बोलावलं. मोठे साहेब फार मऊ आवाजात बोलले. "मॅडम, तुमच्या घरचं दुःख आहे. ड्रायव्हरची बेपर्वाई, एवढं लिहू आणि विषय संपवू."

मी विचारलं, "त्याने ट्रेलर रिव्हर्स का घेतला?"

"टोइंगवाले आले म्हणून."

"टोइंगवाले का आले?"

"रस्त्यावर ट्रेलरची रांग होती."

"रांग का होती?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं.

गेल्या वर्षी मला ट्रेनिंगला पाठवलं होतं, आठवतं? तू हसायचास, "बाणांची चित्रं काढायला पगार देतात हिला." तिथे शिकवलेलं थोडक्यात एवढंच होतं: एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर नुसता माणूस बदलून भागत नाही. कोण कोणाला कुठे ढकलतंय ते बघावं लागतं. मी उठून फळ्यावर बाण काढायला लागले. यार्डात गर्दी व्हायची म्हणून आम्ही प्रत्येक ट्रेलरला वेळ ठरवून दिली. वेळ चुकली की नंबर शेवटी. नंबर जाऊ नये म्हणून ड्रायव्हर आधीच येऊन रस्त्याकडेला थांबायला लागले. रांग वाढली, गावाने तक्रारी केल्या. तक्रारी आल्या म्हणून टोइंग सुरू झालं. टोइंगची गाडी दिसली की सगळे एकदम गाड्या हलवायला लागले. त्या दिवशीही तसंच झालं. शाहिदचा ट्रेलर मागे आला, आणि मागे आबा होते.

यातला प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता, दादा. गर्दी कमी करणारा बरोबर, नंबर धरणारा बरोबर, तक्रार करणारा बरोबर.

मग साहेबांनी विचारलं, "पण तुमचे वडील ट्रेलरच्या मागे कशाला गेले होते?"

इथे मी पेन ठेवून चहा करून आले. तो तसाच समोर गार झालाय.

शाळेसमोर दुभाजकात फट होती. सगळं गाव तिथूनच पलीकडच्या बस थांब्यावर जायचं. बायजाबाईच्या नातीला तिथे मोटारसायकलने उडवलं, पाय मोडला. त्यानंतर आबांनी ऑफिसांचे उंबरे झिजवले आणि ती फट बंद करून घेतली. नारळ त्यांनीच फोडला. तू तो फोटो तिकडे सगळ्यांना दाखवला होतास. पण फट बंद झाली, आणि थांब्यावर जायला पुढच्या क्रॉसिंगपर्यंत वळसा पडायला लागला. त्या वाटेवर ट्रेलर उभे असतात. लोक त्यांच्या मधून, मागून वाट काढतात. आबाही तसेच निघाले होते.

तो बाण मी काढला. आबांचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर.

आळीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. "वामनच्या पोरीनं बापालाच आरोपी केला," असं म्हणतात. हौसेराव तात्यांनी समोरून येऊन तोंड फिरवलं. तुझ्याही कानावर हे अर्धवट गेलं असेल. म्हणून पुरतं सांगतेय.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "ती फट बंद केल्यावर पोरा वाचली का नाय?"

"वाचली. त्यानंतर एकालाही लागलं नाही."

"मंग तो बान पन काडलास का?"

नव्हता काढला, दादा. दुसऱ्या दिवशी जाऊन तेही समितीला सांगितलं. त्यांनी मान हलवली.

अहवालात शेवटी ड्रायव्हरची बेपर्वाईच राहिली. पण यार्डाच्या मागचा प्लॉट ट्रेलर थांबायला मोकळा केला. रस्त्यावर आता रांग नसते. बघून काही वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

शाहिद जामिनावर आहे. नोकरी गेली. कळंबोलीला मामाच्या टायरच्या दुकानात बसतो. स्टिअरिंगला हात लावत नाही म्हणे. तुझ्या टीमचा विकेटकीपर होता तो. त्याची आई खैरुन्निसाचाची येऊन गेली. आईशेजारी बसली. जाताना आईने तिला चप्पल पुढे करून दिली.

कोर्टात साक्षीला बोलावलं तर मी जाणार. जे समितीत सांगितलं तेच सांगणार. त्याने मागे बघायला हवं होतं, हेही सांगणार. ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

तू म्हणशील, हिला बापाचं काही नाही. मीही स्वतःला विचारते. राग कोणावर धरावा म्हणून एकेकापाशी जाऊन उभी राहते, आणि तिथून बघितलं की त्याचंही बरोबर दिसतं. मग पुढच्याकडे जाते. फिरून फिरून परत घरी येते, आणि घरी आबा नसतात. रडू कुठेतरी त्या रागामागेच अडकलंय.

तुझ्याकडे राग आहे. तो शाहिदवर टाकू नकोस, मला दे. फोन कर आणि तोंडाला येईल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही, ठेवणारही नाही. निदान मनाला काहीतरी लागेल माझ्या.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी,
सोनल