खाकी बटव्यातले गळ

अण्णा, परवा मी समुद्रात जाऊन आले. होडीत बसून, गळ टाकून. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असता आणि मग विचारलं असतं, "गळाला तंगूस कोणता घेतला व्हतास?" म्हणून तेच सांगायला बसले आहे. मशीनवर दोन ब्लाउज तसेच पडलेत, पडू देत. तुमचं मशीन अजून चालतं, पट्टा तेवढा तीनदा बदलला.

तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. गेल्या वर्षी तिला कोकणात दिली. दिली म्हणायचं आपलं, ठरवलं त्या दोघांनीच, आम्ही माना हलवायला. बैठकीत सगळं नीट चाललं होतं आणि विहीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्याकडे सगळा कारभार पाण्यावरचा. तुमच्या गावाला नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणतात. पोरीला झेपेल ना?" त्या साधंच बोलल्या असतील, पण मला झोंबलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, तो तुमच्याकडूनच आलाय. मी म्हटलं, "अहो, मी स्वतः लहानपणापासून गळ टाकते. वडिलांबरोबर गोदावरीवर जायची. पुष्कळ मासे धरलेत." तुमच्या जावयांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहाच्या कपात तोंड घातलं. पण लेकीचा चेहरा असा उजळला की मला शब्द मागे घेववेना. तेव्हापासून तिच्या सासरी ती मासे धरणाऱ्या आईची मुलगी झाली. सासरे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे, आणि ही मला फोनवर ते ऐकवायची. मग या थंडीत व्याह्यांचाच फोन आला, "विहीणबाई, या एकदा, होडीतून जाऊ. दोरी मात्र तुमची तुम्ही आणा. ज्याच्या हाताला जी सवय." मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवला. पुष्कळ मासे म्हणजे किती, ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत. माझी लाज गेली असती तर मी पचवली असती. पण तिथे रोज राहायचं होतं लेकीला.

दुकान सापडायला दोन दिवस लागले. सिटी चौकाच्या मागच्या बोळात कबुतरांचं खाणं, काचेच्या पेटीतले रंगीत मासे आणि गळ असं सगळं एकत्र विकणारे एक चाचा आहेत. मी समुद्र म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "आपा, यहाँ तो सब धरणवाले आते. समंदर कू कौन जाता?" मग विचारलं, "किनारे से डालते की बोट में से?" मी भिंतीला टेकवलेल्या सगळ्यात लांब, चकचकीत काठीकडे बघत होते. म्हटलं, न्यायचंच तर काहीतरी उठून दिसणारं न्यावं. चाचा म्हणाले, "वो नक्को. वो किनारे की है, दूर फेकने कू. बोट में इत्ती लंबी लेके बैठे तो बाजूवाले की आँख फूटती. बोट में से तो सीधा नीचेच छोडना है." मग त्यांनी एक आखूड, जाड काठी आणि चरखी दाखवली. मी हँडल फिरवलं तर पहिल्या दोन फेऱ्यांतच गुंता. चाचा हसले नाहीत. त्यांनी तंगूसची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, एक गुंडाळी पुढे केली, शिवायच्या दोऱ्यापेक्षा कितीतरी जाड. "पैली बार है ना? खाली डोरी लेव, हात की. हात से सीखे तो मछली क्या बोलती समझता. चरखी बाद में." अण्णा, मी ती गुंडाळी लगेच घेतली. हे मी आधी ऐकलेलं होतं.

आपण छावणीतून सकाळी निघायचो, तुमच्या हातात भाकरीचं फडकं, माझ्या हातात कणकेचा डबा. गंगापूरच्या जीपमध्ये तुम्ही मला मांडीवर घ्यायचात आणि धरणाचं पाणी लागतं तिथे पुलाजवळ उतरायचो. हप्ताभर फौजींच्या वर्द्या शिवून तुमचे डोळे लाल झालेले असायचे, आणि पाण्याकडे बघितलं की निवायचे. काठी आपण कधी घेतलीच नाही. दोऱ्याच्या मोठ्या लाकडी रिळावर तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गळ, एवढाच सरंजाम. एकदा तंगूसने माझं बोट कापलं म्हणून मी गुपचूप तुमचं अंगुस्तान, ती शिवताना बोटात घालायची लोखंडी टोपी, बोटावर चढवून बसले. तुम्ही ती ओढून काढलीत आणि चांगलं खेकसलात, "मासा लोखंडाला सांगत नसतो! बोटाला कळलं पायजे." मी रडले. तुम्ही काही समजूत काढली नाहीत. पुढच्या रविवारी मात्र वर्दीच्या उरलेल्या खाकी तुकड्यांचा एक बटवा माझ्यासमोर ठेवलात. आत गळांसाठी चार कप्पे, शिशासाठी एक, आणि बोटावर बांधायला मऊ कापडाची एक चिंधी, कडा दुमडून शिवलेली. त्या कापडातून तंगूस बरोबर कळायचा. चिंधीच्याही कडा दुमडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तो बटवा आणि तुमचं लाकडी रीळ मशीनच्या खणातून काढलं, नवा तंगूस रिळावर गुंडाळला. चाचांनी दिलेले मध्यम आकाराचे गळ, मुठीत भरतील अशी शिशं आणि दोरीला पीळ पडू नयेत म्हणून लावायच्या फिरत्या कड्या त्यात गेल्या. "घर आके मीठे पानी से धोना, नमक लोहा खाता," असं चाचांनी दोनदा सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण दुकानातून निघता निघता मी तुमच्या हातात असायचे तसले बारीक गळही घेतले, आणि बुचाचा एक लाल तरंगाही. चाचा म्हणाले, "ये कायकू? ये तो नदी का माल." मी म्हटलं, "राहू द्या." ते नसते तर तो बटवा तुमचा वाटला नसता.

आता खरी फजिती ऐका. व्याह्यांकडे पहाटे उठून मी कणीक मळली, हळद आणि हिंग घालून, तुम्ही घालायचात तशी घट्ट. विहीणबाईंना वाटलं, पाहुणी पोळ्या करायला लागली. त्यांनी तवा ठेवला. मी म्हटलं, "नाही नाही, हे माशांसाठी." त्या माऊलीने तवा उतरवला. होडीत मी तो डबा उघडला तेव्हा लेक माझ्या कानाशी म्हणाली, "आई, पीठ?" आणि व्याही, सत्तरीचा माणूस, आयुष्य समुद्रावर गेलेलं, त्यांनी एक गोळी हातात घेऊन वास घेतला. "विहीणबाई, वास फार झकास आहे. पण आमचे मासे पोळी खात नाहीत हो." मग बारीक गळ तळहातावर ठेवून बघत राहिले. तरंगा तर त्यांनी अलगद बटव्यात परत ठेवला, त्यांचा चांगुलपणा. माझे कान तापले. म्हटलं, संपलं, आता संध्याकाळपर्यंत हे गावभर होणार.

पण मग त्यांनी चाचांचा मोठा गळ उचलला आणि त्याची गाठ ओढून पाहिली. परत ओढली. "ही गाठ कोणी घातली?" म्हटलं, मीच. "शिकवली कोणी?" म्हटलं, "वडिलांनी. शिंपी होते." ते म्हणाले, "गाठ मारणारा माणूस पक्का होता," आणि कोळंबीचा एक तुकडा माझ्या गळाला लावून दिला. अण्णा, मला तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी तुमचं लाकडी रीळ मांडीवर घेतलं, बोटाला चिंधी बांधली आणि शिसं खाली सोडलं. ते तळाला टेकलं तेव्हा बोटाला कळलं. व्याही म्हणाले, "आता हातभर वर घ्या आणि थांबा." थांबणं मला येतं. तुमच्याजवळ मी तेच शिकले होते.

थांबता थांबता होडी डुलायला लागली, आणि माझ्या पोटात ढवळायला. व्याह्यांनी तेवढ्यात तीन मासे काढले, तांबूस, सुरेख, त्यांना तिथे तांबोशी म्हणतात. तीन मी नीट मोजले, कारण माझा एकही नव्हता. मग मला काही मोजवेना. दोरी लेकीच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूला डोकं बाहेर काढून बसले. किती वेळ गेला देव जाणे. तोंड धुऊन वळते तर लेक ओरडली, "आई, धर धर! काहीतरी ओढतंय!" मी दोरी घेतली आणि हातावर हात टाकत ओढली. जड लागलं. वर आली तांबोशी.

व्याही इंजिनाशी काहीतरी करत पाठ करून बसले होते, जरा जास्तच वेळ. ते वळून म्हणाले, "वा! पहिल्याच खेपेला! पाणी बदललं तरी हात बदलत नाही म्हणतात, ते हे." मी गळ काढायला मासा हातात घेतला. तो फडफडला नाही. आणि गळ ओठात बाहेरून आत गेलेला होता. आमिष गिळलेल्या माशाच्या तोंडात गळ आतून बाहेर येतो, हे मला नवव्या वर्षापासून माहीत आहे. बादलीत बघितलं तर तिथे दोन होते. लेकीकडे पाहिलं. ती लांब दिसणाऱ्या दीपस्तंभाकडे असं निरखून बघत होती, जणू तो तिने आजच पाहिला.

तो चेहरा मी ओळखते, अण्णा. लहानपणी गोदावरीवर एक दिवस मी उन्हाने कंटाळून झाडाखाली डोळे मिटले होते. तुम्ही हाक मारलीत, "ऊठ, ऊठ, तुझ्या गळाला लागलंय!" मी धावत येऊन ओढते आहे, पाण्यातून रोहू वर येतो आहे, आणि तुम्ही विडी पेटवून पलीकडच्या काठावरच्या देवळाकडे बघता आहात. छावणीत परत येईपर्यंत तुम्ही जीपमधल्या प्रत्येकाला सांगितलंत. एका वैजापूरच्या कांदेवाल्याला तर दोनदा सांगितलंत. घरी आईने मासा चिरायला घेतला, कल्ले उचलून पाहिले आणि म्हणाली, "आवं, ह्यो तर कवाचाच मेलाय की." तुम्ही खोकलात. आईने तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळद लावायला घेतली. मी चुलीजवळ बसून त्या माशाच्या ओठातलं भोक बघत होते. जेवताना तुम्ही डोकं माझ्या ताटात वाढलंत, धरणाऱ्याचा मान म्हणून. मी ते सगळं खाल्लं.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि ती तुम्हाला एकदाही भेटली नाही. मी तिला ही गोष्ट कधी सांगितलेली नाही, कुणालाच नाही. तरी तिने तसंच केलं, आणि नंतर तशीच लांब बघत बसली. होडीतून उतरताना तिने माझा हात धरला तेव्हा मला रडू आलं. तिला वाटलं, अजून मळमळतंय. तिच्या सासूने माशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं. सासरी तिचा जो मान आहे तो शाबूत राहिला, आणि तो राखला तिनेच.

परत आल्यावर गळ गोड्या पाण्याने धुतले, पुसले आणि बटव्यात ठेवले. हे पत्रही घडी करून शिशाच्या कप्प्यात ठेवणार आहे, तिथे जागा आहे. काल लेकीचा फोन आला, "आई, परत कधी येतेस? तुझा हात चांगला आहे." मी म्हटलं, येते. तिला मी काही बोलले नाही, जसं तुम्हालाही कधी बोलले नाही. अण्णा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोलले असते तर तुम्ही परत तसं केलं नसतं, आणि मला ते परत हवं होतं.