कुलूप माझंच होतं

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला असेल, अशी आशा आहे. आम्ही सगळे मजेत आहोत (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, प्रत्यक्षात आठवडाभर मला अन्न गोड लागत नाही). माझ्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल तर ते खोटं आहे. आलं नसेल तर आधी दार लावून घ्या आणि मग पुढे वाचा.

झालं असं, की हिनं मला कपड्यांची पावडर आणायला चौकातल्या नव्या मोठ्या दुकानात पाठवलं (कोपऱ्यावरच्या दुकानात पावडरीवर बादली फुकट मिळत नाही). खिशात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं कुलूप होतं. दुरुस्त करून, घासूनपुसून ते मी नव्यासारखं केलं होतं आणि जाता जाता त्यांना देणार होतो. दुकानात नेमकं तसंच कुलूप टांगलेलं दिसलं आणि तिथंच घात झाला. किल्ल्या घासण्यात जन्म गेला मामा, हाताला राहवेना. खिशातलं कुलूप काढलं, नव्याशेजारी धरलं, दोन्हींचा खटका वाजवून पाहिला (नव्याचा अगदीच फुसका आहे, घेऊ नका) आणि आपलं पुन्हा खिशात टाकलं. रखवालदारानं पाहिलं ते फक्त हे शेवटचं.

दाराशी त्यानं माझा दंड धरला. मी म्हणालो कुलूप माझं आहे, तर त्यानं पावती मागितली. मग मी म्हणालो की तसं ते माझं नाही, डॉक्टरीणबाईंचं आहे. (घाबरलेल्या माणसानं इतकं काटेकोर खरं बोलू नये.) किल्ली दाखवली, तर म्हणे नव्या कुलपाबरोबर किल्ली येतेच, आणि यात मलाही खोट काढता येईना. बादल्या घेऊन रांगेत उभी असलेली आमची अर्धी गल्ली माझ्याकडे बघत होती.

"काम काय करता?" त्यानं विचारलं.

"लोकांची कुलपं उघडतो," मी म्हणालो.

त्यानंतर मला मागच्या खोलीत नेण्यात आलं. तिथं मला स्टुलावर बसवलं. मामा, लोक किल्ली हरवली की मला बोलावतात आणि कपाट उघडायला सांगून खुशाल चहा टाकायला आत जातात. तेवढ्यावर माझं घर चालतं. ते आता संपलं, असंच वाटलं. शेवटी व्यवस्थापकांनी कॅमेऱ्यात टिपलेलं सगळं पाहिलं, कुलूप आधी माझ्याच खिशातून निघालेलं दिसलं आणि त्यांनी हळू आवाजात माफी मागितली. मला एकदम कुठून धीर आला कोण जाणे. म्हणालो, आरोप चारचौघांत केलात, मग माफी बंद खोलीत का? माणूस सज्जन निघाला. त्यांनी तडक ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि जाहीर केलं, की मघाशी चोरीच्या संशयावरून पकडलेले मागच्या गल्लीतले किल्लीवाले निर्दोष आहेत. वरच्या मजल्यावर भांडी बघत असलेल्यांना तोवर काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनाही कळलं.

घरी सगळं ऐकून ही एवढंच म्हणाली, की निदान इस्त्रीचा शर्ट तरी घालून जायचं. डॉक्टरीणबाई देवमाणूस. प्रत्येक रोग्याला तपासताना 'त्यांनी चोरलं नाही बरं का' असं सांगतात, त्यामुळे बातमी औषधाबरोबर घरोघर पोचते आहे. बेकरीवाला कुलूप दुरुस्तीला टाकून जायचा, तो आता काम होईपर्यंत समोर बसून राहतो आणि मी मान वर केली की पिशवी जवळ ओढतो. याचं मला हसू तरी येतं. पण शेजारच्या आजींची जादा किल्ली वर्षानुवर्षं आमच्या खिळ्याला असायची. परवा त्या येऊन म्हणाल्या, "तुला उगाच सांभाळायचा त्रास." मी काढून दिली. त्या रिकाम्या खिळ्याकडे अजून बघवत नाही.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा बेअब्रू न झालेला भाचा

ता. क. पत्र वाचून फाडून टाका. मामींना सांगू नका. सांगितलंच तर निर्दोषपर्यंत सांगा, मध्येच चहाला उठू नका.

आणखी एक ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. व्यवस्थापक काल घरी आले होते. दुकानातली सगळी कुलपं बदलायचं काम त्यांनी मलाच दिलं आहे. नाही म्हणवत नाही, पण अवजारांची पिशवी घेऊन आत जायचं आणि जुन्या कुलपांनी भरून बाहेर यायचं, तेही त्याच दारातून आणि त्याच रखवालदारासमोरून. तुमची हयात पोलिसात गेली. त्या दिवशी येऊन माझ्याबरोबर घरापर्यंत चालाल का? फक्त साध्या कपड्यांत या, आणि गुडघा कितीही दुखला तरी माझा दंड धरू नका.