आधी ओळख, मग निकाल

बोरी,
२२ मे १९९३

प्रिय सुनेत्रा,

आशीर्वाद. घरी सगळे खुशाल आहेत. तुझ्या मायचा गुडघा आता बरा आहे, सकाळी एकटीच विहिरीपर्यंत जाऊन आली. मी पत्राला बसलो ते एक गोष्ट कबूल करायला. मंगळवारी मी परभणीला तुझ्या हापिसात आलो होतो. तू मला पाहिलं नाहीस. मी मात्र तुला चांगलं तासभर पाहत होतो.

निघणार होतो सोमवारीच, पण विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटी नव्हती. मंगळवारी अकराला पोचलो तर हापिसात ही गर्दी! बियाणेवाले दुकानदार, गावोगावचे शेतकरी, दाराशी चपलांचा ढीग. मला वाटलं, भांडण झालं. बाकावर एक बाई फायली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं नाव प्रभावती, हे मागून कळलं. मी तुझा बाप हे काही बोललो नाही. नुसतं विचारलं, "काय चाललंय हो बाई?" त्या म्हणाल्या, "आमच्या सुनेत्राबाईंनी दोन संगणकांची गाठ घालून दिलीय. आज साहेबांपुढं चालवून दाखवायल्यात."

मला त्यातलं काय कळणार? पण बाई भल्या, बसवून समजावलं. बियाण्याची उगवण तुम्ही तपासता, त्याचा पास-नापास निकाल मानवतच्या शाखेतल्या संगणकात राहतो. फोनच्या तारेवरून तो कुणीही उघडायचा, आणि मनात आलं तर बदलायचाही. गेल्या साली एका नापास सरकीचा निकाल रातोरात पास झाला. कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे ऐकलं अन् मला भुजंग आठवला. मागच्या मिरगात आपल्या शेजारच्या भुजंगनं पासचा कागद बघूनच सरकी टोबली होती. पाच एकरांत एक ओळ सलग उगवली नाही. त्याला दुबार टोबावं लागलं आणि चारचौघांत मीच त्याला बोललो होतो, ओल नसताना कशाला घाई केलीस म्हणून. ती सरकी तीच होती का, मला माहीत नाही. पण परवा त्याच्या घरी जाऊन आलो. म्हणालो, "भुजंगा, मी उगंच तुला दोष दिला." त्यानं मला बसायला बाज दिली. मग बायकोला चहा ठेवायला सांगितला.

तर प्रभावतीबाई सांगत होत्या. परभणीच्या हापिसात दुसरा एक संगणक आहे. कोण माणूस कामावर आहे, त्याला काय बघायची अन् काय बदलायची परवानगी आहे, एवढंच तो जाणतो. तू म्हणालीस, निकालाच्या संगणकानं दार उघडण्याआधी ह्या ओळखीच्या संगणकाला विचारलं पाहिजे. माणसानं आपलं नाव आणि गुपित शब्द द्यायचा, मानवतनं तो परभणीला पाठवायचा, परभणीनं हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं. आणि निकालाला हात लावणाऱ्याचं नाव वेळेसकट नोंदून ठेवायचं.

बोलायला सोपं, पण दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची. तीन आठवडे ती एकमेकांशी बोलेनात म्हणे. परभणी हो म्हणायचं आणि मानवत ते नाही समजायचं. पुण्याहून आलेला कंपनीचा माणूसही हात टेकून गेला. तू मात्र आलेलं प्रत्येक उत्तर अक्षर-अक्षर कागदावर उतरवून काढलंस, तेव्हा सापडलं की 'हो'च्या मागं एक मोकळी जागा येत होती आणि तेवढ्यानंच मानवत त्याला ओळखत नव्हतं. प्रभावतीबाई म्हणाल्या, "त्या दिवशी पोरगी खुर्चीतच रडली अन् मग आमा सगळ्यांला केळी वाटली."

तेवढ्यात तुमचे मोठे साहेब दिनकरराव आले. मी दुकानदारांच्या मागं खांबाआड उभा राहिलो. साहेबांनी नाव दाबलं, शब्द दाबला. फोनच्या डबीतून चिरकल्यासारखा आवाज आला. पडद्यावर उत्तर आलं, प्रवेश नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बाई, मी इथला प्रमुख आहे. तुम्ही आतून उघडा."

मी खांबाआडून पुढं वाकलो, पोरी. वाटलं, आता ही खाली मान घालून उघडून देईल. तू उभी राहिलीस आणि शांतपणे म्हणालीस, "साहेब, आतून मला उघडता येत नाही. तसंच केलंय मी. तुमचा शब्द मलासुद्धा वाचता येत नाही. तुमच्यासाठी तशी वाट ठेवली, तर उद्या कुणासाठीही उघडावं लागेल." साहेबांनी खिशातून चष्मा काढला, घातला, एक-एक अक्षर शोधून दाबलं. दार उघडलं. साहेब पडद्याकडं बघत राहिले, मग लोकांकडं वळून म्हणाले, "आता माझाही भरवसा राहिला नाही, तरी निकालाचा राहील." एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आधी टाळी वाजवली. दुसरी मी.

तुला हाक मारावी असं फार वाटलं. पण ज्या कामासाठी आलो होतो ते तुझ्यापुढं बोलायची माझी हिंमत राहिली नव्हती. आता लिहितो. मी तुझ्याकडून राजीनामा लिहून घ्यायला आलो होतो. मानवतच्या माणिकरावांच्या मुलाशी तुझं लग्न मी ठरवलं होतं, तुला न विचारता. त्यांची एकच अट, सून नोकरी करणार नाही. मी हो म्हणून बसलो होतो. तुझी माय तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. परभणीहून मी घरची गाडी धरली नाही, मानवतची धरली. माणिकरावांच्या ओसरीवर बसलो आणि शब्द मागं घेतला. ते चिडले. म्हणाले, "पोरगी टायपिंगच करती ना? त्याच्यापायी सोयरीक मोडता?" मी म्हणालो, "माझी लेक काय करती ते मलाबी आजच कळलं." आणि उठलो. त्यांच्याकडून काही वेडंवाकडं तुझ्या कानावर यायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मी चुकलो, सुनेत्रा. नोकरी सोडू नकोस. लग्न तू म्हणशील तेव्हा, म्हणशील त्याच्याशी. तुझी माय कालपासून बोलायला लागली आहे.

तुझाच,
आबा