पोळा भरतो ती जागा

मी, तानबा नत्थूजी डाखोरे, वय वर्षे शहात्तर, माजी सैनिक, राहणार मौजा बोरखेडी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. डावा पाय नाही, पण त्याने कायद्याचे काही अडत नाही, असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती, पत्नी मनकर्णाबाई, सध्या स्वयंपाकघरात आहे.

१. राहते घर मनकर्णाबाईच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा योगेंद्र याचे. शेत आणि बैलजोडी योगेंद्रची. ट्रॅक्टर घेतला तरी जोडी विकू नये.

२. भैय्याजी ढोले यांनी छपरावरचे कवेलू फेरायला नेलेली माझी शिडी कोणी परत मागू नये. ती त्यांनी केव्हाच आपली मानली आहे.

३. नाल्याकाठची माझी पडीत जागा, जिथे गावचा पोळा भरतो, ती श्रीमती रामबाई पुनाजी कुमरे यांना द्यावी. योगेंद्र विचारतो, "बाबा, काऊन?" म्हणून कारण लिहितो.

पुनाजी कुमरे आमच्या गावच्या गोंड मोहल्ल्यातला. आम्ही सोबतच भरती झालो, एकाच पलटणीत लागलो. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर आम्ही काही जखमी एका बांधाआड पडून होतो. माझा पाय गेलेला. आम्हाला न्यायला हेलिकॉप्टर आले, पण धुरात त्याला आम्ही दिसत नव्हतो. ते परत फिरू लागले. पुनाजीला तोवर खरचटलेही नव्हते. तो बांधावर चढला आणि अंगातले बनियान काढून हलवू लागला. मी ओरडलो, "बस खाली, मरशील." तो हसला. म्हणाला, "गावच्या पोळ्यात माही जोडी सगळ्याइच्या मांगं राह्यते. आज मले पुढं राहू दे."

खांद्याला गोळी लागली तेव्हा त्याने बनियान दुसऱ्या हातात घेतले. हेलिकॉप्टर उतरेपर्यंत तो खाली बसला नाही. आम्हाला आत चढवलेही त्यानेच. एकाची जागा उरली, तिथे त्याने पोटात गोळी लागलेल्या हवालदाराला बसवले आणि मला म्हणाला, "तू जाय. मी मांगून येतो." दुसऱ्या फेरीला हेलिकॉप्टरला उतरताच आले नाही. पुनाजी तिथेच राहिला. रामबाई तेव्हा पोटुशी होती.

इतका धीट माणूस मी त्याआधी पाहिला नाही, नंतरही नाही. माझा संसार त्या बनियानावर उभा आहे.

गावाने मात्र शूर ठरवले मला, कारण परत मी आलो. मी खरे सांगायचो, तर लोक म्हणायचे, किती नम्र माणूस. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी पुनाजीच्या घरची जाऊ द्या, असे मी दरवर्षी म्हणत आलो. पोळ्याचे सारे बघणारे भैय्याजी दरवर्षी म्हणाले, "तानबाजी, मान असा वाटता येत नसते. ज्याची जागा, त्याची जोडी पुढं. आज्यापासून हेच चालून राह्यलं." नियम मला मान्य आहे. म्हणून जागाच देतो.

रामबाईचा नातू दुर्गेश याच्या जोडीमागे योगेंद्रने आपली जोडी चालवावी. तोंड पाडू नये.

४. माझ्या फोटोखाली 'वीर' लिहू नये. लिहिल्यास मनकर्णाबाईने खोडावे.

हे सारे मी वाचून, समजून सही केली आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. भैय्याजींना मी मुद्दाम वाचायला दिला.

स्थळ : बोरखेडी
दिनांक : १७ जुलै २०२५

(सही) तानबा नत्थूजी डाखोरे

साक्षीदार :
१. (सही) चंदन रूपराव वानखडे
२. (सही) भैय्याजी ढोले

साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिलेले :

वाचलं. तुमच्या मरणाची वाट कायले पाहाची? यंदाच्याच पोळ्याले दुर्गेशची जोडी पुढं राहीन. तोरण मी बांधतो. शिडी माह्याजवळच आहे.